वृद्धाश्रम पाहायला जाल तेव्हा कुणाकडे पाहाल?

वाचकाचं पत्र

माझी आई ७९ वर्षांची आहे. गुहागर तालुक्यात आमच्या गावच्या घरी ती एकटी राहते. दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा सौम्य झटका येऊन गेला, तेव्हापासून वॉकर घेऊन चालते. साखर आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लागतं. हल्ली विसरायला लागली आहे, दिवेलागणीनंतर जास्तच. इतके दिवस शेजारच्या वहिनी तिचं बघत होत्या, पण आता त्यांनाच झेपत नाही. मी डोंबिवलीला दोन खोल्यांत, भाऊ पुण्याला. आई शहरात यायला तयार नाही. दापोलीजवळचा एक वृद्धाश्रम आम्ही बघून आलो. समोर समुद्र, बाग छान राखलेली, फरशा चकचकीत. व्यवस्थापक बाई खूप आपुलकीने बोलल्या, चहा-पोहे दिले. तासाभरात सगळं बघून झालं. भाऊ म्हणतो, याहून चांगलं काय मिळणार, पावसाळ्याआधी नेऊन ठेवू; आणि त्याआधी घर नि कलमांची बाग आमच्या नावावर बक्षीसपत्र करून घेऊ. मला मात्र राहून राहून वाटतं, त्या तासाभरात आपण नेमकं पाहिलं काय? तिथे काळजी नीट घेतात की नाही, हे माझ्यासारखीने ओळखायचं कसं?
एक मुलगी, डोंबिवली

उत्तर

ताई,

त्या तासाभरात तुम्ही इमारत पाहिलीत आणि व्यवस्थापक बाईंना भेटलात. दोन्ही चांगलं असणं केव्हाही बरं. पण रात्री दोन वाजता तुमच्या आईला संडासला लागली, तर तिला उठवायला इमारत येणार नाही आणि त्या बाईही बहुधा येणार नाहीत. जे कोणी येणार आहे, ते माणूस तुम्ही अजून पाहिलेलंच नाही.

माझी नोकरी कोकणातल्या सरकारी रुग्णालयांत परिचारिका म्हणून झाली. वृद्धाश्रमांतून आणलेली माणसं आमच्याकडे दाखल व्हायची. कपडे बदलताना, तोंड पुसताना, कूस वळवताना आम्हाला कळायचं, की या माणसाकडे तिथे कुणाचं लक्ष होतं की नव्हतं. संस्थेचं नाव, फी, देणगीदारांची पाटी यांचा त्याच्याशी मेळ बसेलच असं नसायचं. गळक्या कौलांच्या, जुनाट खाटांच्या ठिकाणाहून आलेल्या आजी स्वच्छ आणि टवटवीत असायच्या. फोटोत देखण्या दिसणाऱ्या ठिकाणाहून आलेल्यांच्या माकडहाडावर जखमा असायच्या. म्हणून माझा सल्ला एवढाच, की पुन्हा जा, आणि या वेळी तिथल्या सगळ्यात परावलंबी माणसाकडे बघा. जो अंथरुणाला खिळलाय, ज्याला पाणी मागता येत नाही, तक्रार करता येत नाही, ज्याला भेटायला फारसं कुणी येत नाही, त्याच्याकडे. व्हरांड्यात पेपर वाचत बसलेले, तुमच्याशी हसून बोलणारे आजोबा कुठेही निभावून नेतील. तुमच्या आई आज वॉकरवर आहेत, आणखी दोन-तीन वर्षांनी कदाचित खाटेवर असतील. त्या खाटेवरच्या माणसाला आज जे मिळतंय, तेच उद्या तुमच्या आईंना मिळणार.

अनोळखी माणसाचं पांघरूण उचलून बघू नका, ते कुणालाच आवडणार नाही. न उचलताही पुष्कळ दिसतं. पाण्याचं भांडं त्यांच्या हाताला लागेल असं ठेवलंय, की पलीकडच्या कपाटावर? ओठ आणि जीभ कोरडी पडली आहे का? म्हातारपणी तहान कमी लागते, त्यामुळे पाणी विचारून, हातात देऊन पाजावं लागतं. एप्रिल-मेच्या आपल्या घामट हवेत तर जास्तच. नखं कापलेली आहेत का, नखांत काय साठलंय, चष्म्याची काच पुसलेली आहे का, कवळी तोंडात आहे की डबीत, कानाचं यंत्र कानात आहे की उशीखाली. ही कामं पैशाची नाहीत. कुणीतरी रोज त्या माणसाकडे नीट बघतं का, एवढंच त्यांतून कळतं.

अंथरुणावरच्या जखमांबद्दल मात्र स्पष्ट विचारा. हलता न येणाऱ्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, हा आमच्या वॉर्डातला जुना नियम. माकडहाड, टाचा आणि कुल्ल्यांची हाडं इथे दाब पडून कातडी आधी लाल होते; बोटाने दाबून सोडलं तरी ती पांढरी पडत नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे जागा काळपट दिसते, हाताला गरम किंवा घट्ट लागते. इथेच लक्ष दिलं तर जखम टळते. दोन दिवस दुर्लक्ष झालं तर महिनोन् महिने भरत नाही, आणि साखरेच्या माणसाची तर फारच हट्टी. म्हणून विचारा, ‘गेल्या सहा महिन्यांत इथे कुणाला अशी जखम झाली होती का?’ ‘छे, आमच्याकडे असं कधीच होत नाही’ असं उत्तर आलं तर सावध व्हा. ‘दोघांना झाली होती, एक आजी रुग्णालयातूनच जखम घेऊन आल्या, हवेची गादी आणली, रोज ड्रेसिंग केलं, आता भरत आली आहे’ असं कुणी सांगितलं, तर तिथे माणसं बघतात आणि लिहूनही ठेवतात असं समजा. पडण्याबद्दलही हाच प्रश्न विचारा. म्हातारी माणसं राहतात त्या घरात कधीच कुणी पडलं नाही, हे मला खरं वाटत नाही.

आता केव्हा जायचं ते. पहिल्या खेपेला तुम्ही कळवून गेलात. दुसऱ्या खेपेला न कळवता, संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमाराला जा. दिवसपाळीच्या मावशी घरी जाण्याच्या घाईत असतात, रात्रीच्या यायच्या असतात, जेवणं चाललेली असतात. ज्यांना विसरायला होतं ती माणसं नेमकी याच वेळी बेचैन होतात: ‘घरी जायचंय’ म्हणून दाराशी येतात, रडतात, ओरडतात. तुमच्या आईंनाही दिवेलागणीनंतर जास्त विसरायला होतं असं तुम्ही लिहिलंय. तिथल्या कुणा आजीचं असं झालं तर मावशी काय करतात ते शांतपणे बघा. हात धरून दोन पावलं बरोबर चालतात, ‘हो, जाऊया हं, आधी पेज पिऊया’ म्हणतात, की दरडावतात? मला विचाराल तर ही पाच मिनिटं तुमच्या पहिल्या तासाभरापेक्षा जास्त सांगून जातील.

असल्या बेचैनीवर काही ठिकाणी झोपेची गोळी देऊन टाकतात. सगळी माणसं संध्याकाळी सातलाच गुंगीत दिसली, तर त्या शांततेला भुलू नका. गुंगीतलं माणूस रात्री उठताना पडतं, नीट जेवत नाही, कूसही बदलत नाही. प्रवेशाच्या वेळीच लिहून घ्या, की झोपेचं किंवा डोकं शांत करण्याचं औषध डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय आणि आम्हाला कळवल्याशिवाय सुरू होणार नाही. ओढणीने नाहीतर जुन्या साडीने खाटेला बांधलेलं एखादं माणूस दिसलं, तर पुढचं काही विचारत बसू नका, परत या. आणि एक गोष्ट तुम्हालाही ठाऊक असू द्या: एकाएकी गोंधळ वाढला, माणूस भलतंच बोलायला लागलं, तर पुष्कळदा लघवीला जंतुसंसर्ग झालेला असतो, पाणी कमी पडलेलं असतं, किंवा साखर उतरलेली असते. चांगल्या ठिकाणी आधी हे तपासतात.

साखरेवरून जेवणाकडे येते. वृद्धाश्रमांत रात्रीचं जेवण लवकर उरकतात. साडेसहाला जेवण आणि सकाळी सातला चहा, म्हणजे मध्ये बारा तासांहून जास्त वेळ पोटात काही नाही. संध्याकाळी इन्सुलिन घेतलेल्या बाईने त्या दिवशी दोनच घास खाल्ले असतील, तर मध्यरात्री साखर ७०च्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बरळायला लागतं. विसरभोळ्या माणसाचं असं झालं की ‘आज फारच त्रास देतायत’ म्हणून सोडून दिलं जातं, आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून तुमच्या आईंसाठी तीन गोष्टी पक्क्या हव्यात. इन्सुलिन देण्याआधी ताटात किती गेलं ते बघणारं माणूस, रात्री साखर तपासता येणारं माणूस, आणि झोपण्याआधी दूध-बिस्किट किंवा वाटीभर मऊ भात. त्याचबरोबर दर महिन्याला वजन करतात का, ते कुठे लिहितात, तेही दाखवा म्हणा. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन आपोआप उतरलं तर ते डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पन्नास किलोच्या बाईचे महिन्यात अडीच किलो गेले तर लुगड्याखाली ते कुणाला दिसत नाही, काट्यावरच कळतं.

स्वयंपाकघर बघायला मागा. पदार्थांची यादी भिंतीवर असतेच. त्यापेक्षा तिथल्या आजींना विचारा, ‘काल रात्री काय जेवलात?’ आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना पेज, मऊ भात, कुळथाचं पिठलं, घावन, तांदळाची भाकरी चालते. पोळी चावत नाही आणि भाकरी-पेजेशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. आयुष्यभर मासे खाल्लेल्या माणसाला पूर्ण शाकाहारी आश्रमात ठेवायचं असेल तर आधी त्या माणसाला विचारायला हवं. हा लाडाचा प्रश्न नाही. जेवण नावडलं की पोटात कमी जातं, आणि पुढचं सगळं तिथून बिघडतं.

मावशींशी बोला, व्यवस्थापकांच्या समोर नाही, बाजूला. किती वर्षं इथे आहात, ड्यूटी किती तासांची, रात्री किती जणी असतात, त्यांतली जागी किती जणी. चोवीस तासांच्या ड्यूटीवर ठेवलेली बाई कितीही मायाळू असली तरी पहाटे तीनला ती उठणार नाही, आणि त्यात तिचा दोष नाही. वर्षानुवर्षं त्याच मावशी असतील, आजींना नावाने ओळखत असतील, कोण डाव्या कुशीवर झोपतं नि कोणाला चहा बिनसाखरेचा लागतो हे न बघता सांगत असतील, तर ते ठिकाण पगार वेळेवर देत असावं आणि माणसं सांभाळत असावं. दर दोन महिन्यांनी नवे चेहरे येत असतील तर काळजी टिकत नाही. एक खास आपल्याकडचा प्रश्नही विचारा: शिमग्याला आणि गणपतीत इथे कोण असतं? गावातल्या मावशी त्या दिवसांत घरी जाणारच, त्यांच्याही घरी गणपती असतो. त्या आठवड्याची सोय कशी करतात, हे ज्यांना चटकन सांगता येतं त्यांनी त्याचा विचार केलेला असतो.

डायपरचं तसंच. तुमच्या आई वॉकरने संडासपर्यंत जात असतील, तर मावशींना सोयीचं म्हणून त्यांना सरसकट डायपर लावायला देऊ नका. चार आठवडे चालणं थांबलं की या वयात पाय पुन्हा उचलणं कठीण होतं. रात्रीपुरता चालेल, पण किती वेळा बदलतात आणि दिवसा किती वेळा चालवून आणतात, दोन्ही विचारा. दाराशी फिनेलचा उग्र वास आला तर त्यावरून चांगलं-वाईट ठरवू नका, आत गाद्यांजवळ जाऊन वास घ्या.

पावसाळ्याआधी नेऊन ठेवायचं असं भाऊ म्हणतात. मी म्हणेन, पावसाळ्यात ते ठिकाण कसं असतं हे कळल्याशिवाय हो म्हणू नका. मे महिन्यात कोकणातली कुठलीही वास्तू सुंदर दिसते. जुलैत चिऱ्याच्या पायऱ्यांवर आणि अंगणात शेवाळ धरतं, व्हरांड्यात झड आत येते, चकचकीत फरशीवर पाणी सांडलेलं दिसतसुद्धा नाही. वॉकरवाल्या माणसाला त्या चकचकीत फरशीपेक्षा खरबरीत फरशी बरी. न्हाणीघरात आणि कमोडशेजारी धरायला भक्कम दांड्या आहेत का, आणि त्या हाताने ओढून बघितल्यावर हलत नाहीत ना, हे बघा. कपडे कुठे वाळवतात हेही विचारा. आठ-आठ दिवस ऊन नसतं तेव्हा पंचवीस-तीस माणसांच्या चादरी नि परकर कसे वाळतात? ओलसर कपडे अंगावर चढवले की जांघेत, स्तनांखाली, बोटांच्या बेचक्यांत गजकर्ण धरतं. कपडे वाळवायचं यंत्र किंवा वरून झाकलेला, हवा खेळणारा माळा असेल तर त्यांनी पावसाळे काढले आहेत. आवारातल्या विहिरीला कठडा आणि झाकण आहे का, तेही बघून या. विसरणारं माणूस दिवेलागणीला नेमकं कुठे चालत जाईल ते सांगता येत नाही. पायवाटेवर दिवे हवेत, पाचोळ्याचे ढीग नकोत, कारण फुरसं तिथेच बसतं.

विजेचं तर फार महत्त्वाचं. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगड भागात कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती, फोनही लागत नव्हते. त्या वेळी हा आश्रम चालू असेल तर विचारा, ‘तेव्हा तुम्ही काय केलंत? पाणी वर कसं चढवलंत, इन्सुलिन कुठे ठेवलंत, नातेवाइकांना निरोप कसा दिलात?’ ज्यांनी ते दिवस सांभाळून काढले त्यांना प्रत्येक तपशील आठवत असतो. इन्व्हर्टर किती तास चालतो, जनरेटर आहे का आणि डिझेल साठवलेलं असतं का, हे त्याच बोलण्यात विचारून घ्या.

आता रात्रीचा दवाखाना. पॅरालिसिसमध्ये रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन लागतो. तुमच्या आईंना एकदा झटका येऊन गेलाय, म्हणजे पुन्हा येण्याचा धोका आहे. व्यवस्थापकांना विचारा, ‘रात्री अकराला आईचं तोंड वाकडं झालं तर तुम्ही काय करणार?’ ‘डॉक्टरांना फोन करू’ हे उत्तर पुरेसं नाही. १०८ला फोन कोण करणार, ती गाडी साधारण किती वेळात येते, नाही आली तर स्वतःची गाडी आहे का, चालवणारा रात्री आवारात झोपतो का, दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात नेणार की सीटी स्कॅनसाठी थेट पुढे नेणार, बरोबर कोण बसणार, आणि तुमच्या होकारासाठी थांबणार की निघणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच आधी लिहून द्या: थांबू नका, निघा, फोन वाटेत करा.

इथे मला तुमच्या ठिकाणाच्या निवडीबद्दलही बोलायचंय. तुमची माणसं गुहागरकडे आहेत. शेजारच्या वहिनी, गावातली भावकी, आईंच्या माहेरची कुणी असतील ती. दिवसा धोपावे-दाभोळ फेरीबोटीने दापोली जवळ वाटते. रात्री बोट नसते, समुद्र खवळला की दिवसाही भरवसा नाही, आणि मग चिपळूण-खेडचा वळसा घालून जावं लागतं. वृद्धाश्रमात कुणाची काळजी जास्त घेतली जाते, हे मी बाहेरून पुष्कळ पाहिलं आहे. ज्याच्याकडे केव्हाही कुणीतरी टपकतं, त्याची. याला दुष्टपणा म्हणू नका, माणसाचं लक्ष तसंच वळतं. म्हणून गुहागर-चिपळूण बाजूला थोडं साधं, बागेशिवायचं ठिकाण मिळत असेल, जिथे वहिनी आठवड्यातून एकदा एसटीने जाऊन तासभर बसू शकतील आणि डेरवणचं रुग्णालयही त्या मानाने हाताशी असेल, तर मी ते आधी बघेन. समुद्र तुमच्या आईंनी आयुष्यभर पाहिलाय.

भेटीच्या वेळांचा नियमही बघून घ्या. जेवणाची नि झोपेची वेळ सोडून केव्हाही या, असं म्हणणारी जागा चांगली. ‘फक्त रविवारी अकरा ते बारा, आणि ऑफिसमध्येच’ असं असेल तर नाही म्हणा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. संस्था न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेली असेल तर तिला दरवर्षी हिशेब द्यावे लागतात. ती नोंदणी जरूर बघा, पण ती हिशेबाची आहे, कूस बदलण्याची नाही. करारात तीन जागा बारकाईने वाचा: अनामत रक्कम कधी आणि किती परत मिळते, डायपर, औषधं, ड्रेसिंग, डॉक्टरांची फी महिन्याच्या रकमेत धरली आहे की वेगळी, आणि माणूस अंथरुणाला खिळलं तर ते ठेवून घेतात की ‘घेऊन जा’ म्हणतात. तिसऱ्या जागेवर बरीच कुटुंबं अडकतात. चालत्या-फिरत्या माणसांसाठीच चालवलेले आश्रम वाईट नसतात, पण तुमच्या आईंसाठी ते दोन वर्षांचं ठिकाण ठरेल.

बक्षीसपत्र आता करू नका. आईंना विसरायला होतंय, घर सोडायचं दुःख आहे, अशा वेळी त्यांचा अंगठा घेणं मला बरं वाटत नाही, आणि पुढे त्यावर वादही होऊ शकतो. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली झालेल्या कायद्याचं कलम २३ आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरणाकडे तो व्यवहार रद्द करून मागता येतो. हे भावाला नीट समजावून सांगा, धमकी म्हणून नव्हे. कलमांच्या बागेचं उत्पन्न सध्या आईंच्याच खात्यात जाऊ दे आणि आश्रमाची रक्कम त्यातून भागवा. आश्रमानेच ‘घर संस्थेला द्या, आम्ही आजन्म सांभाळू’ असं सुचवलं, तर वकिलाशिवाय एक ओळही लिहून देऊ नका.

ठेवल्यानंतरही तुमचं काम संपत नाही. रोज ठरलेल्या वेळी फोन कराल तर त्या वेळी केस विंचरून बसवलेली आई दिसेल. वेळ बदलत जा. व्हिडिओ कॉलवर चेहरा बघून झाला की मावशींना म्हणा, ‘जरा आईचे पाय दाखवा.’ साखरेच्या माणसाच्या टाचा, बोटांच्या बेचक्या आणि तळपाय आठवड्यातून एकदा तुमच्या डोळ्यांखालून जायला हवेत. तुम्ही पाय बघता हे मावशींना कळलं की त्याही बघायला लागतात. प्रत्यक्ष गेलात की आईंना आंघोळ तुम्ही घाला, म्हणजे पाठ दिसेल. दंडांवर बोटांएवढे काळेनिळे डाग दिसले, तुम्ही असताना कुणी आईंना तुमच्याजवळ एकटं सोडत नाही असं वाटलं, विशिष्ट माणूस आलं की आई गप्प होतात असं जाणवलं, तर ते ‘वयाने होतं’ म्हणून सोडून देऊ नका. आधी व्यवस्थापकांना लेखी विचारा. समाधान झालं नाही तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे, जिल्ह्याचं समाजकल्याण कार्यालय आहे, आणि मारहाण असेल तर पोलीस ठाणं. पण चांगल्या कामाचंही नाव घेऊन कौतुक करा, मावशींना शिमग्याला काहीतरी हातावर ठेवा, त्यांच्या मुलांची चौकशी करा. तुमची आई त्यांच्या हातात आहे, त्यांना त्या कामाचा मान मिळायला हवा.

‘आईला आश्रमात ठेवलं’ असं गावात बोलतील, ही भीती तुमच्या पत्रात कुठे नाही, तरी असणारच. बोलणाऱ्यांतलं कुणी रात्री इन्सुलिन द्यायला येणार नाही, एवढं ध्यानात ठेवा. २०११च्या जनगणनेत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११००हून जास्त बायका होत्या. मुलगे पिढ्यान् पिढ्या मुंबईला जात राहिले आणि घरं म्हाताऱ्या बायकांनी धरून ठेवली. तुमची अडचण घरोघरची आहे.

शेवटचं, आणि यात हयगय करू नका. अजून आईंना कुणी विचारलंय असं पत्रात दिसत नाही. निवड दोन ठिकाणांवर आली की त्यांना घेऊन जा, तिथे दुपारचं जेवू द्या, मावशींशी बोलू द्या. त्यांना सगळं लक्षात राहणार नाही, पण कुठे जीव रमला आणि कुठे अंग चोरून बसल्या हे तुम्हाला दिसेल. मग महिन्याभराच्या बोलीवर ठेवा. तोवर गावचं घर मोडू नका, वीज तोडू नका, आईंची खाट नि भांडी हलवू नका, वहिनींकडे किल्ली राहू दे. त्यांची स्वतःची गोधडी, देवातला एखादा टाक किंवा तसबीर, ओळखीचा तांब्या बरोबर द्या. पहिले पंधरा दिवस रडारड होईल, ‘घरी ने’ म्हणतील. तेवढ्यावरून ठिकाण वाईट ठरवू नका. महिना संपेल तेव्हा वजन, पाय, पाठ आणि चालणं बघा, आणि त्यांना सकाळच्या वेळी, डोकं ताजं असताना विचारा. नको म्हणाल्या तर का नको ते ऐकून घ्या आणि भावाला बरोबर बसवून पुन्हा ठरवा.